कोन्या गावचा, भाऊ?

आमच्या कॉलेजात तीन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर झालं. प्रशिक्षकांनी आम्हा प्राध्यापिकांना मनगट सोडवायला शिकवलं, प्रमाणपत्रं दिली आणि अंधार पडायच्या आत घरी जायचा मौलिक सल्लाही दिला.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, अचलपूरच्या एसटीत शेजारचा गृहस्थ झोपेचं सोंग घेऊन माझ्या अंगावर कलायला लागला. मी मोठ्या शौर्याने खिडकीला चिकटले.

पलीकडच्या सीटवर एक म्हातारी सुपारी कातरत होती. तिचं नाव मला आजही माहीत नाही. तिने अडकित्ता त्याच्या गुडघ्यावर टेकवला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "कोन्या गावचा, भाऊ? कोनाचा पोरगा?"

तो खडबडून जागा झाला. "भा... भातकुली."

"अरे, मंग तुई माय तं माया वळखीची हाय! लावतो तिले फोन."

भाऊ पुढच्याच थांब्यावर उतरले.

मी विचारलं, "खरंच ओळखता त्याच्या आईला?"

"नाई वो. पन माय तं असनच ना त्याले!" सुपारीचं खांड तोंडात टाकत तिने मला न्याहाळलं. "तू इतक्या वेळची चूप कावून होती, पोरी?"

प्रमाणपत्र पर्समध्येच होतं. लॅमिनेट केलेलं.