कपाटामागची रेषा

माझे काका एकतीस वर्षं नदीची उंची लिहीत होते. पुलाच्या तिसऱ्या खांबाला काळी-पांढरी पट्टी आहे, तिच्यावर फूट आणि इंच रंगवलेले आहेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथे जायचं, पाणी कुठे टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पूर असला तर दर तासाला. गाव त्यांना 'फूटपट्टी' म्हणायचं आणि ते त्या हाकेला ओ द्यायचे.

मी शाळेत भूगोल शिकवते. जिल्ह्याचा इतिहास-भूगोल छापायचं ठरलं, तेव्हा नदीचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, कारण बैठकीला मी उशिरा पोचले होते. आमच्या जिल्ह्यात नदी सोडली तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. डोंगरातून उतरते, सात वळणं घेते, डाव्या काठाला गाळ टाकते आणि उजवा काठ खात बसते. तिच्या पायी बाजारपेठ तीनदा हलली. जुन्या कचेरीच्या पायऱ्या आता पात्रात आहेत, उन्हाळ्यात तेवढ्या दिसतात. एवढं लिहून मी टेकीला आले आणि शेवटचा पुरांचा तक्ता करायला काकांकडे वह्या मागायला गेले.

काका खुर्चीत जांभया देत बसले होते. डोळ्यांखाली कायमची सूज.

"जरा आडवे व्हा की," काकू म्हणाली.

"दुपारच्या झोपेनं कुणाचं भलं झालंय?"

हा संवाद मी लहानपणापासून ऐकत आले आहे. काका दुपारी कधी झोपत नाहीत. पेंगतात, मान पडते, दचकून उठतात, पण पाठ टेकत नाहीत. मला त्याचा राग यायचा. माणसानं स्वतःला इतकं छळावं कशाला?

वह्या मात्र देखण्या होत्या. एकही रकाना कोरा नाही. फक्त शेवटचा 'शेरा' हा रकाना सगळीकडे रिकामा, कारण काकांच्या मते नदीवर शेरे मारणारे आपण कोण? जिल्ह्यात त्यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सव्वीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या पुराचा त्यांचा आकडा होता साडेवीस फूट. त्यावर दीड फूट जास्तीचं धरून नदीकाठच्या नव्या दवाखान्याचं जोतं बावीस फुटांवर ठरलं होतं. पाया खणून झाला होता.

मी त्या पुराचं पान उघडलं. सकाळी अकरा वाजता अठरा फूट. बारा वाजता साडेअठरा. एकला एकोणीस. दोनला साडेएकोणीस. तीनला वीस. चारला साडेवीस, आणि मग उतार. मी पोरांना वर्षानुवर्षं सांगते की नदी कधी सारख्या पावलांनी चढत नाही. इथे मात्र ती शाळेच्या जिन्यावरून चढावी तशी चढली होती.

"काका, पाणी दर तासाला बरोबर अर्धा फूटच कसं काय चढलं?"

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "ते कपाट सरकव."

त्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही, असा घरचा नियम होता. भिंतींना रंग देतानासुद्धा ते हलत नसे, आणि काकू दर वेळी बोलून दमायची. आम्ही दोघींनी ढकललं. मागच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला, जमिनीपासून तीन फुटांवर, गाळाची तपकिरी रेघ होती.

"आपल्या घराची जमीन पट्टीच्या बरोबर वीस फुटांवर आहे. मीच मोजलीय," काका म्हणाले. "आता कर बेरीज."

तेवीस.

"दुसऱ्या पाळीचा जोडीदार पलीकडच्या काठाला अडकला होता. तीन दिवस, तीन रात्री मी एकटा. अकराची नोंद केली आणि पुलाजवळच्या चौकीत बाकावर टेकलो. पाच मिनिटं म्हणून टेकलो गं. जागा झालो तर चार वाजलेले, पट्टी साडेवीसवर. वही उघडली. चार रकाने कोरे. इतक्या वर्षांत एक कोरा नव्हता. मधले आकडे समान वाटून टाकले. मला वाटलं, पाणी चढतच असणार. ते चढून परत उतरायला लागलंय, हे घरी आल्यावर या भिंतीनं सांगितलं. तोवर आकडा वर कळवून झाला होता."

"लोक तेव्हा सांगत होते की पाणी जास्त होतं!"

"सांगत होते. साहेबांनी त्यांना माझी वही दाखवली."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याच क्षणी त्यांची दयाही आली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही मनात येऊन गेलं. तक्ता तसाच छापला असता तर कुणाला कळलं असतं? पण तेवीस फूट आले, तर दवाखान्यात फूटभर पाणी शिरणार होतं.

"मी नाव न घेता दुरुस्ती करते," मी म्हटलं.

"चूक माझी आणि सही तुझी? उद्या दवाखान्याच्या त्या इंजिनिअर बाईंना इथे आण."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. त्यांनी टेप लावला, दोनदा मोजलं. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, एकही सबब न देता. बाई म्हणाल्या, "जोतं वर घेता येईल, काका. अजून वेळ गेली नाही. पण नोंदीला आधार लागेल."

काकांनी वही ओढली. चारही आकड्यांवर पट्टीनं सरळ रेघ मारली. मग शेऱ्याच्या रकान्यात, एकतीस वर्षांत पहिल्यांदा, लिहिलं: 'या वेळेत मी झोपलो होतो.' खाली आजची तारीख घालून सही केली. अक्षर नेहमीचंच होतं.

वहीचं ते पान घेऊन मी बाईंबरोबर कचेरीत गेले. नकला काढून, शिक्के मारून परत यायला तीन वाजले. कपाट अजून भिंतीपासून दूर, वाटेतच उभं होतं. ते परत लावून घेऊ म्हणून मी दारातूनच काकांना हाक मारली.

काकू लगबगीनं पुढे आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू," ती म्हणाली. "झोपलेत."