हेमलताताई आणि एफ-वनचं बटण

संगणकावर काम करताना अडलं की वरच्या ओळीतलं एफ-वन नावाचं बटण दाबायचं आणि मदतीचं पान उघडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते दाबत कुणीच नाही. लोक शेजारच्याला विचारतात, भाच्याला फोन करतात, नाहीतर माझ्यासारख्या प्रोग्रॅमरच्या डोक्यावर येऊन बसतात. ते मदतीचं पान कुणीतरी बसून लिहिलेलं असतं, हे तर कुणाच्या गावीही नसतं. नोएडातल्या आमच्या कंपनीत ते लिहिणाऱ्या म्हणजे हेमलताताई.

आमची कंपनी लहानशी. ब्लँकेटं, चादरी, सतरंज्या विणणाऱ्या कारखान्यांसाठी डिझाइन काढायचा प्रोग्रॅम आम्ही बनवतो. गिऱ्हाईक बहुतेक पानिपतचं. प्रोग्रॅम आम्ही लिहितो, आणि तो वापरायचा कसा हे ताई लिहितात, साध्या हिंदीत. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना हिंदी धड बोलता येत नव्हतं. भाजीवाल्याशी भांडून भांडून शिकले, असं त्या सांगतात. त्यामुळे असेल, पण त्यांच्या हिंदीत एकही शब्द उगाच आलेला नसतो.

त्यांची एक पद्धत होती. कुठलंही पान लिहून झालं की ते छापून घरी, इंदिरापुरमला न्यायचं आणि सूर्यकांतकाकांपुढे ठेवायचं. काका म्हणजे ताईंचे यजमान, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी वरून आलेला आदेश जसाच्या तसा अमलात आणला, स्वतःची अक्कल मध्ये घातली नाही. ताईंना नेमका असाच माणूस हवा होता. काकांनी पान वाचायचं, लिहिलंय तेवढंच करायचं, आणि ताईंनी मागे तोंड मिटून उभं राहायचं. काका अडले की पान नापास. या नादात काका ब्लँकेटाची डिझाइनं काढायला शिकले. त्यांचा एक हत्ती आहे, सोंड जरा आखूड झालीय, पण काका तो पाहुण्यांना दाखवतात.

ताईंच्या प्रत्येक पानाच्या शेवटी एक ठरलेला मथळा असायचा: ‘फिर भी न बने तो’. तरीही जमलं नाही तर काय करायचं, ते त्याखाली. मला स्वतःला हा मथळा फार आवडायचा. बाकीच्या जगात माणसाचं अडलं की ‘गूगल कर’ म्हणून मोकळे होतात. एकदाचं मेलं ते गूगल तर काय करणार आहेत, देव जाणे.

तर मागच्या वर्षी सुधन्वानं बाँब टाकला. सुधन्वा आमचा प्रमुख, मूळचा मुंबईचा, वयानं ताईंच्या मुलीएवढा, पण पोरगा गुणी. मीटिंगमध्ये म्हणाला, “नव्या व्हर्जनपासून ऑफलाइन मदत बंद. एफ-वन दाबलं की थेट वेबसाइट उघडेल.”

“आणि नेट नसेल तर?” ताई म्हणाल्या.

“आता नेट कोणाकडे नाही, ताई?”

“मी विचारतेय.”

“बघा ना, ऑनलाइन असलं की चूक सकाळी सापडली, दुपारी सगळीकडे दुरुस्त. लोक काय शोधतात तेही कळतं. ऑफलाइन फाइल एकदा गेली की गेली, परत आपल्या हातात नाही.”

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण ताईंचा चेहरा उतरला. सगळी उमर त्यांनी त्या फाइलीत घातलेली. निवृत्तीला थोडेच महिने उरलेले, आणि जाता जाता ती फाइल कुणीतरी पुसून टाकणार. त्या रागावल्या की आवाज चढत नाही, उलट खाली येतो. तशा खालच्या आवाजात म्हणाल्या, “तू पानिपतला चल. तिथे बसून मला हेच सांग, मग मी गप्प बसते.”

आम्ही तिघं गेलो. मला नेलं ते सुधन्वाला एकट्याला ताईंबरोबर गाडीत बसायची भीती वाटत होती म्हणून, असा माझा संशय आहे.

कारखान्याच्या गेटावरच आमचे फोन काढून घेतले आणि भिंतीतल्या कपाटात कुलूपबंद केले. तिथला तो नियमच होता. मालकांनी कारण सांगितलं: एकदा त्यांचं ब्लँकेट बाजारात यायच्या आधीच तेच फूल, तेच रंग शेजारच्याच्या मालावर दिसले. डिझाइन चोरीला गेलं होतं. तेव्हापासून डिझाइनच्या खोलीतलं नेट काढून टाकलं. फोन गेटावर. आणि संगणक चालू असेपर्यंत डिझाइन काढणाऱ्यानं खोली सोडायची नाही.

त्या खोलीत सतबीर बसला होता. पन्नाशीचा, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याच्या कळफलकावरचं एफ-वन पार पांढरं पडलं होतं, अक्षर पुसून गेलेलं. ताई ते बटण बघत राहिल्या. मग त्यांनी सुधन्वाकडे बघितलं.

“पटलं, ताई,” सुधन्वा म्हणाला. फोनशिवाय त्याचे हात नुसते चुळबुळत होते. “ऑफलाइन राहील.”

मला वाटलं, संपलं. जिंकल्या ताई, आता जेवू आणि परत जाऊ. तेवढ्यात सतबीरचं एक मोठं डिझाइन पुरं झालं. त्यानं ते सेव्ह केलं, प्रोग्रॅम बंद केला, मग संगणकच बंद केला आणि उठला.

“कंप्यूटर क्यों बंद किया?” ताईंनी विचारलं.

“मदद में लिखा है जी,” सतबीर म्हणाला, आणि ताईंचंच वाक्य त्यानं पाठ म्हणून दाखवलं: “बड़ा डिज़ाइन सेव करने के बाद कंप्यूटर बंद करें, कुछ देर रुकें, फिर चालू करें। नहीं तो रंग बदल सकते हैं।” आणि तो बाहेर गेला.

ताई खुर्चीवर बसल्याच. तो दोष फार जुना होता, प्रोग्रॅम सुरुवातीला निघाला तेव्हाचा. पुढच्याच व्हर्जनमध्ये आम्ही तो काढला आणि ताईंनी ती ओळही काढली. पण नवं व्हर्जन पेन ड्राइव्हवर घेऊन येणारा आमचा माणूस फक्त प्रोग्रॅम बदलून जायचा. मदतीची फाइल बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण मदत कुणी उघडत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. इथे तर एक माणूस ती रोज उघडत होता, आणि त्याच्यासाठी ती ओळ अजून जिवंत होती.

सुधन्वा हळू आवाजात म्हणाला, “ऑनलाइन असतं तर त्याच दिवशी गेली असती ती ओळ.” टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला असणार.

“माझ्यामुळे हा माणूस इतकी वर्षं फुकटचा उठतोय-बसतोय,” ताई म्हणाल्या, आणि माफी मागायला तरातरा सतबीरच्या मागे निघाल्या. मी त्यांच्या मागे.

सतबीर गेटापाशी उभा होता, कपाटातून काढलेला फोन कानाला. “खाना खाया? ... नहीं, बता, क्या खाया?” असं चाललं होतं. आम्हाला बघून त्यानं घाईनं फोन ठेवला. ताईंनी त्याला सगळं सांगितलं: ती ओळ आता चुकीची आहे, संगणक बंद करायची काही गरज नाही, आणि आजवर त्रास झाला त्याबद्दल माफ करा.

सतबीर ओशाळून हसला. “मैडम जी, वो तो मुझे पता है। एक बार जल्दी में बंद नहीं किया था। कुछ नहीं बिगड़ा।”

“फिर क्यों करते हैं?”

त्यानं हातातला फोन दाखवला. त्याची मुलगी दिल्लीला शिकत होती, मुनिरकात खोली घेऊन राहायची. संध्याकाळी ती शिकवण्या घ्यायची, आणि त्या संपेपर्यंत हा गावी पोचलेला असायचा, जिथे रेंज नाही. दुपारी तिला सवड असायची. पण संगणक चालू ठेवून याला खोली सोडता येत नव्हती.

“मालिक पूछते हैं तो मदद खोलकर दिखा देता हूँ। लिखा हुआ है, तो कुछ नहीं कहते।” मग म्हणाला, “मैडम जी, वो लाइन रहने दीजिए।”

 

परतीच्या रस्त्यावर गाडीत आमची जुंपली. सुधन्वा म्हणाला, मालकांशी बोलून बघू. ताई म्हणाल्या, “त्यांच्या कारखान्यात कोणी कधी बाहेर जायचं ते आपण सांगणार? तोंडावर हो म्हणतील आणि उद्यापासून त्याचं बाहेर जाणंच बंद करतील.” मी म्हटलं, मग राहू दे ना ती ओळ, कुणाचं काय बिघडतंय? त्यावर ताई माझ्यावरच घसरल्या. “संपदा, खोटी ओळ माझ्या पानावर राहणार नाही. आज सतबीरला माहितेय ती खोटी आहे. उद्या त्या खुर्चीवर दुसरा कोणी येईल, तो घाबरून बंद करत बसेल.”

 दिल्लीची गर्दी लागली तेव्हा ताई म्हणाल्या, “ऑनलाइन असतं तर मी नोएडात बसून ती ओळ पुसली असती. बरोबरच केलं असतं, आणि खूश होऊन डबा खाल्ला असता. या माणसाचं काय गेलं ते मला कधी कळलंच नसतं.”  सुधन्वानं त्यांना पाण्याची बाटली दिली. मला तो त्या दिवसापासून जास्त आवडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ठरवून टाकलं. मूळ पानं ऑनलाइन राहतील, दुरुस्त्या तिथेच होतील. आणि त्यांची ताजी प्रत प्रत्येक व्हर्जनबरोबर गिऱ्हाइकाच्या संगणकात जाईल. मदत बदलली नाही तर काम झालं असं धरायचंच नाही. एवढा मोठा वाद असा साधेपणानं मिटला. उरली ती एक ओळ.

पुढच्या रविवारी ताईंनी मला थालीपीठ खायला बोलावलं. गेले तर काका संगणकापुढे, हातात छापलेलं पान. नवं पान होतं, नाव ‘लंबे काम के बाद’. मी काकांच्या खांद्यावरून वाचलं:

‘बड़ा डिज़ाइन पूरा हो जाए तो सेव करें। कंप्यूटर बंद करें। कमरे से बाहर जाएँ और कुछ देर दूर देखें। थकी आँख रंग पहचानने में चूक करती है। किसी अपने से दो बातें कर लें। फिर लौटकर काम शुरू करें।’

“थकल्या डोळ्यांना रंग चुकतो, हे खरं की नाही?” ताई मला म्हणाल्या.

“खरंय. पण ‘किसी अपने से’? हे कुठल्या प्रोग्रॅमच्या मदतीत असतं?”

“माझ्या.”

काकांनी हत्ती सेव्ह केला. संगणक बंद केला. बाल्कनीत गेले. समोर दुसऱ्या सोसायटीचा टॉवर, दूर बघण्यासारखं काही नाही, तरी त्यांनी तो मन लावून बघितला. मग पानावर बोट ठेवून विचारलं, “अपने से म्हणजे कोणाशी बोलू?”

“परीक्षा चालू आहे. मी काही सांगणार नाही,” ताई उलथनं घेऊन उभ्या.

काकांनी विचार केला आणि वल्लरीला फोन लावला. वल्लरी त्यांची मुलगी, पुण्याला नोकरी करते. तिचा फोन आला की काका “हां, आईला देतो” एवढंच बोलायचे. आपणहून त्यांनी तिला कधी फोन केला होता, कुणालाच आठवत नव्हतं. त्यांनी स्पीकर चालू केला, कारण काका तो नेहमीच चालू करतात.

“पप्पा? क्या हुआ?” वल्लरी घाबरलीच. “आई ठीक आहे ना?”

“सगळे ठीक आहेत गं. मदतीत लिहिलंय, म्हणून केला.”

“काय लिहिलंय?”

काकांनी तिला ती ओळ वाचून दाखवली.  मग वल्लरी म्हणाली, “अच्छा. तो करो ना बात.” आणि काका बोलायला लागले. हत्तीच्या सोंडेपासून सुरू झाले. दोन बातें लिहिल्या होत्या, बऱ्याच झाल्या. ताई तिथून हलल्या नाहीत आणि आमचं थालीपीठ करपलं.

“पान पास,” ताई नाक पुसत म्हणाल्या.

नवं व्हर्जन घेऊन पानिपतला त्या स्वतः गेल्या, मला घेऊन. मदतीची फाइल डोळ्यांदेखत बदलून घेतली. मालकांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं. रंग चुकला की अख्खा माल वाया जातो, हे त्यांना आम्ही सांगायची गरज नव्हती. मान हलवून सतबीरला म्हणाले, “लिखा है तो मान,” आणि निघून गेले.

सतबीरनं चष्मा वर सरकवला आणि ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचत गेला. शेवटी ताईंचा ठरलेला मथळा होता, ‘फिर भी न बने तो’. त्याखाली एकच ओळ: ‘आँखें फिर भी थकी लगें तो पूरा पन्ना शुरू से दोहराएँ।’

तो ताईंकडे बघून हसला. मग त्यानं डिझाइन सेव्ह केलं, संगणक बंद केला आणि गेटाकडे निघाला.