मागावर न दिसणारे खळगे

नरसय्या मामांना मागावरून उठवून घडीखात्यात टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं, ते माझ्या एका व्हॉट्सअॅप मेसेजमुळे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी डिझायनर आहे. तेव्हा नोकरीला चारच महिने झाले होते. एका खरेदीदाराच्या सॅम्पलसाठी मी हनीकोम्ब टॉवेलचं डिझाइन काढलं होतं. त्यात मधाच्या पोळ्यासारखे खळगे असतात. विणताना काही धागे लांब मोकळे सोडतात, काही घट्ट अडकवतात. खळगा त्या फरकातून येतो. स्क्रीनवर खळगे छान खोल दिसत होते. मागावर कापड पापडासारखं सपाट.

मामा मागाशेजारीच उभे होते. त्यांना विचारायचं सोडून मी फोटो काढला, केबिनमध्ये आले आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकला. 'इफेक्ट येत नाहीये. टेन्शन जास्त असावं. प्लीज चेक.' टेन्शन म्हणजे उभ्या धाग्यांचा ताण. तो सांभाळणं विणकराचं काम. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघांत मराठी बोलताना शब्द अडतात. लिहिणं सोपं वाटलं.

"मामांचे डोळे गेले आता," ते वाचून शेठ म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या मागावर दुसरा विणकर होता. घडीखात्यात गेलेला विणकर परत मागावर आलेला आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता.

नव्या विणकराने ताण कमी केला. कापड सपाटच राहिलं, शिवाय कडा लोंबायला लागल्या. तेव्हा मी घडीखात्यात गेले. जाताना वाक्य मनात दोनदा म्हटलं.

"मामा, खळगे का येत नाहीत?"

"येतात की." त्यांची घडी चालूच होती. "मागावर कापड ताणलेलं हाय. खळगा कसा पडंल? धुवा, मग दिसंल."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तुमी आला, फोटो काढला, गेला. मला वाटलं, म्याडमला लई आवडलं."

शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

मामांनी विणलेला टॉवेल मी गरम पाण्यात धुतला आणि गच्चीवर वाळत घातला. वाळल्यावर पाहिलं. मोकळे धागे आटले होते आणि खळग्यात बोटाचं टोक बसत होतं. पण टॉवेल वीतभर आखूड झाला होता. आटणीसाठी जास्तीचं माप मी धरलंच नव्हतं.

शेठना म्हटलं, जरा घडीखात्यात या.

"ग्रुपवर टाका की."

"नाही. मामांसमोर सांगायचंय."

तिथे मी म्हणाले, "चूक मामांची नव्हती." पलीकडच्या मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणून परत, मोठ्याने म्हणाले.

शेठनी खळग्यांवरून बोट फिरवलं. "आणि हा आखूड का?"

"तीही चूक माझीच."

त्यांनी टॉवेल मामांच्या हातात दिला. मग म्हणाले, "मामा, डोळे ठीक हायत म्हणायचे."

"डोळे गेलेत की," मामा उठत म्हणाले. "चष्मा बदलायचाय. पण विणायला हात लागतो."

ते त्याच दिवशी आपल्या मागावर गेले. मी माप वाढवून दिलं, मामांनी विणलं, सॅम्पल पास झालं.

हनीकोम्ब मागावर असताना त्याच्याबद्दल मत देऊ नये. द्यायचंच असेल तर आधी विणकराला द्यावं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा असतो.