बुचावरचं पाणी

आमच्या मामांना साचलेलं पाणी दिसलं की घास हातात असला तरी ते उठायचे. मामा म्हणजे माझे सासरे. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, मोरीच्या कडेला राहिलेला ओघळ, सगळं पुसून मगच पुन्हा पाटावर बसायचे. लग्नानंतर माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा काकांनी अर्धा प्यालेला पेला बाजूला ठेवला. मामांनी तो उचलला आणि परसात नेऊन ओतला. "पावणं, प्यायचं तर प्या, न्हायतर सोडा. ठिवू नका." काका अजून चारचौघांत सांगतात, की हिच्या सासऱ्यानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

कबनूरला यंत्रमागांवर फिटर म्हणून त्यांची हयात गेली. कामातून मोकळे होऊन नदीकाठच्या आमच्या गावी परत आले, त्याच सुमाराला गल्लीतल्या तालमीनं वर्गणी काढून एक जुनी जेट बोट आणली होती. कोकणात पर्यटकांना फिरवून फिरवून दमलेली. आधीच्या पुरात गावानं जे सोसलं, त्यानंतर पोरांना स्वतःची बोट हवीच होती. या बोटीला बाहेर पंखा नसतो. पोटातला पंप खालून पाणी ओढतो आणि मागं जोरात फेकतो, त्यावर ती पळते. आजूबाजूला माणसं पाण्यात असतील तर हे बरं. पण पाण्याबरोबर ती जलपर्णीचं केंदाळ, चिंध्या, पिशव्या, जे मिळेल ते गिळते आणि मग घसा धरून बसते. म्हणून तिच्या मागच्या अंगाला झाकणाखाली ताटलीएवढं बूच असतं. ते काढलं की हात थेट पंपाच्या तोंडात जातो. आमच्या दारात शेड होती, म्हणून बोट आमच्याकडे आली, आणि बूच मामांच्या ताब्यात गेलं. गल्लीनं त्यांना बूचमामा म्हणायला सुरुवात केली. मला आधी लाज वाटायची, मग सवय झाली.

बुचाभोवती एक खळगा असतो. बोट पाण्यातून काढली तरी त्यात गढूळ पाणी राहतंच. ते तसंच ठेवलं तर बूच अडकवायची खिटी गंजते, रबरी कडं गाळानं चिकटतं, आणि नेमक्या वेळी बूच जागचं हलत नाही. नदीवर सराव करून आले की मामा आधी इंजिनाची किल्ली काढून खिशात टाकायचे, मग बूच काढून ठेवायचे आणि आत्तीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यानं तो खळगा टिपून घ्यायचे. रबरी कड्यावरून हाताचं बोट फिरवून वाळूचा कण लागतो का बघायचे. परत बसवताना खिटी लावली की दोनदा ओढून बघायचे आणि बुचालाच दम द्यायचे, "बस गप." पोरं चिडवायची, "मामा, पावडर लावा की तिला!" मामा मान वर न करता म्हणायचे, "तुजं नाक पूस आदी, मेंगट्या."

एकदा मी ड्युटीवरून येऊन कपडे भिजवून ठेवले होते. मी कोल्हापुरात एका दवाखान्यात नर्स आहे, आल्यावर पाठ टेकावीशी वाटतेच. उठून बघते तर बादली पालथी, साबणाचं सगळं पाणी गटारात. माझी अशी सटकली! "मामा, हे काय डबकं आहे का? पावडरचं पाणी होतं ते!" दुपारी बघते तर सगळे कपडे धुऊन दोरीवर. धड पिळलेले नव्हते, खाली टपटप गळत होते, आणि मामा त्या गळतीखाली पोतं अंथरत होते. हसावं की कपाळावर हात मारावा, कळेना.

आत्ती सणावाराची पक्की. त्यातही नागपंचमी म्हणजे विचारू नका. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. आदल्या संध्याकाळी विळी, चाकू, कात्री सगळं गोळा करून, फडक्यात गाठ मारून ती माळ्यावर टाकायची. बोटीत बाकाखाली आकड्याला एक विळा असायचा, केंदाळ कापायला. तोही त्या गाठोड्यात जायचा. मामांनी कधी हरकत घेतली नाही. "तिचा नाग, माजं बूच. कुनी कुनाच्या वाटंला जायाचं न्हाय." पंचमीला ते बोट शेडबाहेर काढतच नसत, त्यामुळे कधी काही अडलं नव्हतं.

गेल्या वर्षी अडलं. आदल्या दिवशी मामा दिवसभर लोकांची जनावरं वरच्या अंगाला न्यायला गेले होते. आत्तीनं नेहमीप्रमाणे विळा काढला. सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. दर वर्षीचंच होतं ते. सकाळी उठलो तर पाणी खालच्या गल्लीत. तेवढ्यात निरोप आला, की मळ्यातल्या वस्तीवर एक बाई अडली आहे, कळा सुरू झाल्यात. मी पिशवी घेतली, तालमीतला सदा बोट चालवायला बसला, मामा मागं, बुचापाशी. बाईला आणि तिच्या आईला घेऊन आम्ही निघालो. बुडालेल्या उसाच्या कडेला आलो आणि बोट घुमायला लागली. इंजिन नुसतं बोंबलतंय, बोट जागची सरकत नाही. आणि ओढ सगळी नदीच्या धारेकडे.

मामांनी इंजिन बंद करायला लावलं, किल्ली मागून घेतली, बूच उघडलं. केंदाळाचे भारे निघाले. त्याखाली नायलॉनचं दावं, कुठल्या तरी गोठ्यातून वाहून आलेलं, पंपाच्या दांड्याला करकचून आवळलेलं.

"विळा दे."

मी बाकाखाली हात घातला. आकडा रिकामा. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आज पंचमी आहे हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"न्हाय व्हय?" ते म्हणाले. "बरं."

बस, एवढंच. मग त्यांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि बोटांनी पीळ सोडवायला लागले. आतल्या पात्याची कड धारेची असते. खळग्यातलं पाणी लाल व्हायला लागलं. बाई कळेनं ओरडत होती, तिची आई जोतिबाचा धावा करत होती, सदा बांबूनं ऊस धरून बोट थोपवत होता. "पोरी, जरा कळ काड गं," मामा त्या बाईला म्हणाले, "झालंच हाय." दावं निघालं. आता तरी निघायचं, तर हे बाईसाहेबांसारखे बुचाचं कडं सदऱ्यानं पुसत बसले! मी किंचाळले, "मामा, सोडा ते!"

"वाळू ऱ्हायली तर बूच उडंल. मग सगळीच जाऊ." त्यांनी खिटी लावली, दोनदा ओढली, किल्ली सदाकडे टाकली.

बाई गावातल्या उंचावरच्या शाळेत बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली धडधाकट. तिथंच वर्गात, सदासमोर, मी मामांचा हात बांधला. मनगटापासून कोपरापर्यंत फाटला होता. त्यात त्यांना साखरेचा आजार. ते हळूच म्हणाले, "घरात म्हन, पत्रा लागला. आन विळ्याचं इचारलं तर सदानं तालमीतनं दुसरा आनलाता म्हन. तिला कळालं तर ती जगायची न्हाय. बोल दे."

मी बोल दिला, कुणाला सांगणार नाही म्हणून.

गावाला पाण्याचा वेढा पडला होता. माझ्या पिशवीत होतं तेवढं औषध दिलं, मग ते संपलं. पाणी उतरून ट्रॅक्टर जायला लागला तोवर हात काळानिळा पडला होता. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं, पण विष अंगभर भिनलं होतं. शुद्ध होती तोवर म्हणत होते, "सदाला सांग, खळगा बग म्हनावं." मग शुद्ध गेली, आणि मग तेही गेले.

मी रडले नाही. लोकांनी मला धीराची म्हटलं. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. अजून हलत नाही. ड्युटीवर जाते, सलाईन लावते, घरी येते, जेवते. चव कळते, पण जेवल्यासारखं वाटत नाही. मामांची आठवण आली तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी सासऱ्यांची असावी तशी येते. एकच गोष्ट मी दातावर दात ठेवून जपली, तो बोल. मामांचे दिवस झाल्यावर आत्तीनं एकदाच विचारलं होतं, "बोटीत विळा हुता का गं?"

"होता. सदानं तालमीतनं दुसरा आणला होता."

"बरं," म्हणाली आणि भाकरी थापायला वळली. त्यानंतर तिनं कधीच विषय काढला नाही. मला वाटलं, जमलं आपल्याला.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तर आत्ती घरात नव्हती. शेडमध्ये बोटीच्या बाकापाशी वाकून उभी होती. हातात विळा. मला वाटलं, काढतेय. मी काही बोलणार तोच दिसलं, की ती तो आकड्याला नीट अडकवत होती.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घरातलं तेवडं बांदून ठिवलंय."

मी खांद्यावरची पिशवी बाकावर ठेवली.

"सदाला इचारलं हुतं मी. दिस झाले त्याच दिशी. खोटं बोलाय गेला, पर जमंना त्याला. रडाय लागला, समदं सांगून बसला."

"मग आत्ती, तुम्ही वर्षभर बोलला का नाही?"

तिनं पदरानं हात पुसले.

"त्यास्नी बोल दिलातास न्हवं तू," ती म्हणाली. "त्यो मी कशाला मोडू?"