वरच्या बाल्कनीतला बाल्टिक

“अहो, त्या बादलीत पाय धुऊ नका, तो बाल्टिक आहे!”

शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या बाल्कनीतून हे ऐकू आलं, तेव्हा मी खालच्या, आमच्या बाल्कनीत चादरी वाळत घालत होते. वाळवंटाच्या काठावर राहून युरोपच्या उत्तरेकडचा एक अख्खा समुद्र पाळणारी बाई जगात एकच असणार, आणि ती आमच्या डोक्यावर राहत होती. पंचेचाळिशी ओलांडल्यावर काकूंनी त्या किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठाचा घरबसल्या करायचा कोर्स घेतला होता. विषय, बाल्टिकचं पर्यावरण आणि वारसा. विद्यार्थिनीचं ओळखपत्र आलं, ते त्यांनी सगळ्यात आधी शावर्माच्या दुकानात दाखवून सवलत मागितली. समुद्राचं हवामान अंगात मुरायला हवं म्हणून त्या एसी इतका गार ठेवत, की भर जूनमध्ये त्यांच्या हॉलमध्ये हुडहुडी भरायची. काका माकडटोपी घालून मंदीच्या बातम्या बघत बसायचे.

काकूंचं म्हणणं असं, की बाल्टिकचं पाणी फार कमी खारट, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा त्यात जगत नाही. म्हणून तिथे शेकडो वर्षांपूर्वी बुडालेली जहाजं तळाशी अजून धड आहेत. हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी दोन बादल्या. एकीत इथल्या समुद्राचं पाणी, दुसरीत तेच, पण भरपूर गोडं पाणी घालून बाल्टिकइतकं फिकं केलेलं. दोन्हींत बुडवायच्या लाकडासाठी त्या काकांना खोर फक्कानच्या बंदरावर घेऊन गेल्या. मोडक्या होडीचा मालक प्रामाणिक निघाला. “अम्माजी, इसको तो कीड़ा लगा है.”

“वही तो चाहिए, हबीबी!”

परतताना त्या लाकडाच्या वासापायी काकांनी गाडीच्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या.

बादल्यांचं पाणी बदललं की ते आमच्या चादरींवर ठिबकायचं. “आला बघ बाल्टिक,” आई म्हणायची. काकू मला जिन्यात गाठून किड्यांची खुशाली सांगत. इथल्याच इंग्रजी शाळेत वाढलेली मी “ओके, आंटी” म्हणायचे. पुढचं मराठी वाक्य मनात जुळेपर्यंत त्या वरच्या मजल्यावर पोचलेल्या असत.

लाकडाचे फोटो दर आठवड्याला विद्यापीठाला पाठवायचे होते. एकही आठवडा चुकला तर प्रयोग धरला जाणार नव्हता. शेवटचे तीन महिने उरले असताना काकांची कंपनी खलास झाली. नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला. पुण्याला परत जायचं ठरलं.

निरोपाच्या चहाला सगळी बिल्डिंग त्यांच्याकडे जमली. काकूंनी एकेकाला विचारलं, बादल्या कोण ठेवून घेईल?

“आमचं बाळ रांगतंय हो,” समोरच्या वहिनी म्हणाल्या.

“आम्ही तरी इथे किती दिवस? आज तुम्ही, उद्या आम्ही,” पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले आणि एकटेच हसले.

आईने चहात बिस्किट बुडवलं आणि त्याच्याकडे फार लक्षपूर्वक बघत राहिली.

“मग काय, यल्ला, चला, मोरीत ओतून टाकू,” काकू हसत म्हणाल्या. त्यांनी फिक्या पाण्याची बादली उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या.

वाक्य मनात जुळलेलं नव्हतं. तरी मी म्हणाले, “काकू, ओतू नका. दोन्ही आमच्या बाल्कनीत ठेवा. फोटो मी पाठवीन.”