मोहोळकर मास्तरांचे दोन जॅक

मोहोळकर मास्तर हायस्कुलात संस्कृत शिकवत आणि रविवारी गाडीखाली झोपत. दोन्ही कामं ते सारख्याच श्रद्धेनं करत, आणि दोन्हीकडे समोरचं फारसं काही हलत नसे.

गाडी मूळ त्यांच्या मामांची. मामा डॉक्टर. डोळे अधू झाल्यावर त्यांनी आपली जुनी फियाट भाच्याला देऊन टाकली. स्वतःच्या मुलांना का दिली नाही, हे मास्तरांना महिन्याभरात कळलं. गाडी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरापेक्षा गॅरेजातच जास्त राहू लागली. "माहेरी गेलेल्या सुनेचं निदान पत्र तरी येतं," मास्तरांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणत. शेवटी मास्तरांनी निश्चय केला की यापुढे गाडीला परका हात लावू द्यायचा नाही. जे काही व्हायचं ते घरच्या अंगणात होईल.

आणि झालंही. गाडीबरोबर आलेला जॅक स्क्रूचा, काठीसारखा बारीक. गणपती गेल्यानंतरच्या रविवारी तो अंगणातल्या शहाबादी फरशीवरून सटकला आणि फियाट धाडकन खाली बसली. मास्तर त्या वेळी पाना शोधायला घरात आले होते, म्हणून पुढची कथा सांगता येते. पद्मजाबाईंच्या तव्यावरची पोळी करपली. ती तशीच ताटात वाढून त्यांनी निकाल दिला.

"दसऱ्यापर्यंत धड जॅक आणा, ते ब्रेक नीट करा आणि गाडीतून आम्हाला सीमोल्लंघनाला न्या. नाही जमलं, तर गाडी दादाची."

दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू गोपाळराव, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होते. त्यांचा पहिल्या दिवसापासून फियाटवर डोळा होता. ते आले की गाडीला एक प्रदक्षिणा घालत आणि "चांगल्या हातात पडली असती तर..." एवढंच म्हणून चहाला बसत.

मास्तरांची झोप उडाली. धड जॅक म्हणजे चाकांचा, ट्रॉलीचा, हे त्यांना ठाऊक होतं. तो गाडीखाली सरकवायचा आणि लांब दांडा खालीवर करत बाहेरूनच गाडी उचलायची. डोकं आत घालायला नको. अट एकच, तो गाडीखाली शिरला पाहिजे. म्हणजे माप हवं. टेप सापडेना. तेव्हा मास्तरांनी घरातली भांडी एकेक करून गाडीखाली घालून पाहिली. पितळी तांब्या अगदी बेताचा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर तो तांब्या हातात धरून भवानी पेठेकडे निघाले.

सकाळच्या प्रहरी तांब्या घेऊन झपझप चालणाऱ्या माणसाकडे लोक ज्या सहानुभूतीनं पाहतात, त्या सहानुभूतीनं सबंध रस्ता त्यांना वाट करून देत होता. कोपऱ्यावर एका पेन्शनर गृहस्थांनी नमस्कारासाठी उचललेला हात मध्येच खाली घेतला.

"मास्तर, एवढ्या लांब?"

"भवानी पेठेत. चांगला मिळतो म्हणतात."

"जा, जा. थांबू नका," गृहस्थ घाईघाईनं बाजूला झाले.

भवानी पेठेत गुरुबसप्पांचं लॉरीच्या जुन्या सामानाचं दुकान होतं. मास्तरांनी तिथले सगळे जॅक रांगेनं मांडून घेतले आणि प्रत्येकाशेजारी तांब्या ठेवून उंची पाहिली. तांब्याहून बुटके दोनच निघाले. एक लालभडक, नुकता रंगवलेला, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिलेला. दुसरा राखाडी. त्याला पूर्वी कधीतरी रंग असावा.

मास्तर एकदा लालकडे पाहत, एकदा राखाडीकडे. गिऱ्हाइकं खोळंबली.

"दोनी घिऊन जावा की ओ मास्तर," गुरुबसप्पा म्हणाले. "गाडीलाच इचारा कुटला पायजे ते. दसरा झाला की एक ठिवा, एक आनून द्या."

"असं कसं? ओळख ना पाळख..."

"वळख कशी न्हाय? माज्या पोराला संस्कृतात पास केलंय की तुमी. त्याला कायबी येत नसताना!"

दोन्ही जॅक टांग्यातून घरी आले. मास्तरांचा जीव लालवर जडला होता. त्यांनी तो येता येता धोतराच्या सोग्यानं दोनदा पुसला.

खंडेनवमीला सकाळच्या गाडीनं गोपाळराव उतरले. नव्या खमिसात होते. वर्कशॉपातली पूजा पहाटेच आटोपून सुट्टीवर आले होते आणि गाडी घेऊनच परतायच्या हिशेबानं त्यांनी परतीचं तिकीट काढलं नव्हतं. हात पाठीमागे बांधून त्यांनी दोन्ही जॅकची तपासणी केली. लालवर किल्लीनं टकटक केलं आणि कान लावला.

"हा! आवाज ऐका. खणखणीत. हा आमच्याकडं इंजिन उचलेल. तो दुसरा भंगारात घाला, वेणीमाधवराव."

एका क्षणात लाल जॅक मास्तरांच्या मनातून उतरला.

"मला राखाडीच पसंत आहे," ते म्हणाले.

"कशावरून?"

"स्वभावावरून."

"जॅकला स्वभाव असतो?"

"इंजिनाला आवाज असतो, तर जॅकला स्वभाव का नसावा?"

वाद मिटवायला दोन्ही लावून बघायचं ठरलं. लाल पुढे, राखाडी मागे. गोपाळरावांनी पुढचा दांडा मारला, मास्तरांनी मागचा. फियाट चारही चाकं फरशीवरून उचलून चौरंगावरच्या देवासारखी अधांतरी झाली. मागचा अनुभव लक्षात घेऊन मास्तरांनी पोटाखाली चारी कोपऱ्यांत दगड सरकवून ठेवले. मग दोघं जेवायला बसले आणि जेवण झाल्यावर, ब्रेकचं काम उन्हं उतरल्यावर काढू, असं म्हणून जरा आडवे झाले.

उठून पाहतात तो, दोन्ही जॅकना हळदकुंकू लागलेलं, दांड्यांना झेंडूच्या माळा, पुढे नारळ. त्या साली दुष्काळ सरून पाऊस झाला होता, त्यामुळे झेंडूला तोटा नव्हता.

"अगं, हे काय केलंस?" मास्तर ओरडले.

"काय म्हणजे? खंडेनवमी आज. विळी पुजली, कात्री पुजली, तुमचे पाने-पक्कड पाटावर मांडून पुजले. हे दोघं उचलेनात, म्हणून ताम्हण इकडं आणलं."

"पण आता गाडी खाली कशी घ्यायची?"

"उद्या. उत्तरपूजा झाली की."

पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा नियम. जॅक पुजलेले, पाने पुजलेले. ब्रेकचं काम तिथंच थांबलं.

गोपाळराव प्रथम खूश झाले. एक अख्खा दिवस बुडाला होता. मग आपला लाल जॅक उद्यापर्यंत ओझं घेऊन उभा राहणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते जरा खाकरले.

"पद्मे, नुसता जॅकचा एक स्क्रू ढिला करून गाडी खाली घेतली तर देवी काही..."

"दादा, तुमच्या वर्कशॉपात आज कुणी पान्याला हात लावला असता का?"

संध्याकाळभर दोघा मेव्हण्यांना अंगणात काही ना काही काम निघत राहिलं. एकाला तुळशीला पाणी घालायचं होतं, दुसऱ्याला दुसऱ्यांदा घालायचं होतं. तुळस बिचारी बुडायची राहिली.

सकाळी दारात रांगोळी काढता काढता पद्मजाबाईंनी हाक मारली, "अहो, उठा! गाडीनं नमस्कार केलाय!"

खरंच, फियाट पुढून वाकून दगडांवर टेकली होती. लाल जॅक माळेसकट खाली बसला होता आणि फरशीवर त्याच्या पोटातल्या तेलाचं थारोळं होतं. मागं राखाडी जॅक होता तसाच उभा.

गोपाळरावांनी तेलात बोट बुडवून पाहिलं. "थंडीनं तेल आकसतं," ते म्हणाले.

"थंडीनं? सोलापुरात?" पद्मजाबाईंनी विचारलं.

आपण राखाडी निवडला तो केवळ मेव्हण्याच्या विरुद्ध, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पण चेहरा त्यांनी असा ठेवला की जणू जॅकच्या स्वभावाचा अभ्यास गुरुगृही झाला होता.

उत्तरपूजा झाली. हत्यारं मोकळी झाली. राखाडी जॅकनं मागची बाजू अलगद उतरवली आणि पुढची तितक्याच अलगद उचलली. दुपार होईतो मास्तरांनी ब्रेक खोलून, पुसून, पुन्हा जोडले. आता नळीतली हवा तेवढी काढायची होती, आणि तिथंच घोडं अडलं. कारण त्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी बसायचं, दुसऱ्यानं आत बसून पायानं ब्रेक दाबायचा. पद्मजाबाई आपट्याची पानं निवडत होत्या. उरले गोपाळराव. गाडी चालू न होण्यातच ज्यांचं हित होतं, ते.

"दादा, बसा की," पद्मजाबाई मान वर न करता म्हणाल्या.

गोपाळराव नव्या खमिसाच्या बाह्या सारत, जड अंतःकरणानं आत बसले.

"दाबा!" चाकापाशी बसलेले मास्तर ओरडले.

"दाबलाय."

"धरून ठेवा!"

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. सोडा... दाबा!"

असं बराच वेळ चाललं. गोपाळराव आधी कंटाळून दाबत होते, मग नेटानं, आणि मग चक्क मास्तर सांगायच्या आधी. वर्कशॉपचा माणूस, काम जमत आलं की त्याला राहवत नाही. अचानक त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वेणीमाधवराव! लागला हो! पायाला दगडासारखा लागला ब्रेक!"

आनंद इतका खरा होता की आपण काय गमावलं, हे त्यांना क्षणभरानं आठवलं. मग ते हळूच म्हणाले, "आणखी एकदा दाबू का?"

"दाबा की," मास्तर म्हणाले. "आता तुम्हाला नाही कोण म्हणणार?"

संध्याकाळी फियाट सीमोल्लंघनाला निघाली. पुढे मास्तर आणि पद्मजाबाई, मागे गोपाळराव. चौकात एक म्हैस अचानक आडवी आली. गोपाळरावांनी मागच्या मागे पाय दाबला, मास्तरांनी पुढे दाबला, आणि गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर जागच्या जागी थांबली. म्हैस सावकाश पलीकडे गेली. मास्तरांनी हळूच डावीकडे पाहिलं.

पद्मजाबाई आपट्याची पानं मांडीवर नीट लावत होत्या.

"उजवीकडून काहीतरी खडखडतंय," त्या म्हणाल्या. "रविवारी बघा जरा."