थांबाबाई

शस्त्रक्रियेच्या वॉर्डात तोंडावर तिला सगळे “डॉक्टर” म्हणत आणि पाठ वळली की “थांबाबाई”. तिला हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

ती फिजिशियन. चाकूला हात लावायचा नाही, पण ज्यांच्यावर तो चालणार त्यांची साखर, रक्तदाब, हृदय सगळं सांभाळायचं. ऑपरेशनआधी कुठली गोळी बंद, नंतर कुठली सुरू, हेही तिनंच बघायचं. आणि काही बिनसलेलं दिसलं की म्हणायचं, “थांबा.” पेशंट खडखडीत बरा झाला की नाव सर्जनचं. एका आजोबांनी घरी जाताना सर्जनचे हात धरून डोळे पुसले आणि हिला म्हणाले, “पोरी, तुझंही शिक्षण लवकर पूर्ण होऊ दे हो.” तेव्हा तिची स्वतःची लेक कॉलेजात होती! तिची आईसुद्धा शेजारणींना सांगे, “ऑपरेशनच्या वॉर्डात असते, पण ऑपरेशन करत नाही.” शेजारणी तेव्हापासून तिच्याकडे दयेनं बघत.

सगळ्यात मोठी खडाजंगी मोठ्या सरांशी, म्हणजे मुख्य सर्जनशी. “तुमचं थांबा ऐकून ऐकून माझे केस गेले!” ते ओरडत. केस त्याआधीच गेले होते, पण रागावलेल्या माणसाला हिशेब कोण विचारणार?

आणि एक दिवस मोठ्या सरांच्याच पित्ताशयात खडे निघाले. त्यांनी लगेच जाहीर केलं, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन माझं, करणार माझा ज्युनियर. संध्याकाळी ती तपासायला गेली, तर सर पलंगावर राजासारखे बसलेले. जन्मभर लोकांना ऑपरेशनचा झगा घालायला लावणाऱ्या या माणसानं स्वतःचा झगा उलटा घातला होता. तिनं ओठ दाबून धरले आणि मनगटावर बोटं ठेवली.

हसू तिथंच विरलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन एकदम, जिन्यावरून पोरं उतरतात तसे. हृदयाचा आलेख काढला, त्यातही तोच गोंधळ.

“थांबा,” ती म्हणाली.

“मला? मी सर्जन आहे!”

“आज पेशंट आहात, सर. हृदय ठेका सोडून चाललंय. ते ताळ्यावर येईपर्यंत भूल नाही.”

“आणि खडे? त्यांना कोण सांगणार?”

“त्यांना मी समजावते.”

सरांनी उशी फेकली. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं ती अलगद झेलली आणि म्हणाली, “डॉक्टर, इतकी वर्षं मी हेच सांगत होते. तुमचं कसं ऐकतात ते मला शिकवा!”

बाहेर येऊन मात्र ती भिंतीला टेकली. अडवलं आणि पोटदुखी बळावली तर? जाऊ दिलं असतं आणि टेबलावर हृदय अडखळलं असतं तर? या माणसाशी ती रोज भांडत होती आणि उद्याही भांडायला तो तिला चक्क हवा होता.

औषधं सुरू झाली. सर घरी रुसून बसले. रोज फोन यायचा, “आता?” ती म्हणायची, “नाही.” मग फोन आपटल्याचा आवाज. असे कितीतरी फोन आपटून झाल्यावर एकदाची नाडी घड्याळासारखी चालू लागली.

ऑपरेशनच्या दिवशी ती सरांच्या स्ट्रेचरच्या गाडीबरोबर थिएटरच्या दारापर्यंत गेली. “चला, सर.”

सरांनी गाडीचा दांडा गच्च पकडला. “अहो, जरा थांबा ना.”

वॉर्डबॉय फिस्सकन हसला. भूलतज्ज्ञांनी छताकडे पाहिलं. तिनं नाडी पुन्हा एकदा बघितली. सरांची उत्तम होती. स्वतःची तिनं बघितलीच नाही.

“आता एक मिनिटही नाही,” ती म्हणाली आणि गाडी तिनंच आत ढकलली.

दुपारी सर शुद्धीवर आले. ती पाणी, लघवी, दुखणं विचारत होती, तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. बायकोनं तो त्यांच्या कानाशी धरला. पलंगाशी ज्युनियर छाती पुढे काढून उभा होता.

“कोणाच्या देखरेखीखाली आहेस रे?” बहिणीचा आवाज खोलीभर घुमला.

सरांनी गुंगीतले डोळे फिरवले, ज्युनियरवरून पुढे नेले आणि हिच्यावर आणून ठेवले.

“थांबाबाईंच्या,” ते म्हणाले.

तोंडावर! हातांना काम हवं म्हणून तिनं घाईघाईनं त्यांची नाडी धरली आणि ठोके मोजायलाच विसरली.